सायलेन्सर बदलून मायलेज वाढतं म्हणे!

दिचोलीकर: काल म्हापशेकरांनी लिहिलं, "रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०ला बेंड पाईपसकट (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप) बाहेरचा सायलेन्सर बसवला. मायलेज ३५वरून ४२, पिकअप तर विचारूच नका. कंपनीवाले मुद्दाम इंजिनाचा गळा आवळून ठेवतात." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून दुपारची झोप सोडून लिहितोय.

इंजिन तेच, ३४९ सीसी, २० बीएचपी. कॅम तोच, हेड तेच. आवाज वाढला की गाडी पळतेय असं कानाला वाटतं, एवढंच. पन्नासच्या स्पीडने सरळ रस्त्यावर जाताना ताकदीचा पाव हिस्साही लागत नाही. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) अर्धवट मिटलेला असतो, गळा आवळलाय तो तिथे. मागच्या नळकांड्यात नाही. शिवाय ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, पेट्रोल पुन्हा ठरल्या मापावर आणतो. मग जास्तीचे ७ किलोमीटर आले कुठून? पूर्ण थ्रॉटलला मात्र मॅपप्रमाणेच, म्हणजे ईसीयूत आधीच भरलेल्या तक्त्याप्रमाणेच, पेट्रोल पडतं. तिथे रीमॅप केलं नाही, म्हणजे तो तक्ता बदलला नाही, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं.

हा मूर्खपणा मीही केलाय. साडेनऊ हजार गेले. रोज दिचोली-पणजी, टाकी तोंडोतोंड, तोच पंप, गाडी डबल स्टँडवर, वहीत नोंद. आधी ३६, नंतर ३४.

म्हापशेकर: वही घेऊन फिरणारा माणूस बुलेट का घेतो, यावर वेगळा धागा काढा. तुमचे दोन किलोमीटर सायलेन्सरने खाल्ले कशावरून? मधल्या काळात पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण तृतीयांशाने कमी. ते वहीत आहे का?

दिचोलीकर: नाही. बरं, हे मान्य. पण तुमचे ४२ त्याच ई-२०वर आले ना? मग तर तुमचा सायलेन्सर देवळातच ठेवायला हवा. मोजलं कुठे?

म्हापशेकर: बेळगावहून येताना.

दिचोलीकर: चोर्ला घाट उतरताना!! अहो, तिथे माझी सायकलसुद्धा पेट्रोल वाचवते.

फोंड्याचा आरएक्सवाला: दोघेही फोरस्ट्रोकवाले, तुम्हाला एक्झॉस्ट काय कळणार. यामाहाच्या टू-स्ट्रोक आरएक्स १००चा पाईप बदला आणि मग बोला. टू-स्ट्रोकमध्ये निसटलेलं ताजं मिश्रण पाईपच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पाईपचा आकार म्हणजेच पॉवर. आमच्या मामांनी पाईप कापून आखूड केला, मग गाडी बोरीच्या चढावावर बंद पडायला लागली, घरचे मागून ढकलायचे.

साखळीकरीण: पॉवर-मायलेज तुमचं तुम्ही बघा, मला झोप हवी. आमचं घर वळणावर. रात्री साडेअकराला एक जण गियर उतरवतो आणि मागून फट् फट् फट्. पाळण्यातली पोर दचकून उठते, मग पुढचा दीड तास मी तिला खांद्यावर घेऊन ओसरीत फेऱ्या घालते. त्या दीड तासाचं मायलेज कोण काढतं?

म्हापशेकर: वहिनी, खाणीचे ट्रक तुमच्याच वळणावरून जायचे, तेव्हा कोणी धागा काढला नव्हता.

साखळीकरीण: काढला नव्हता? धूळ आमच्या पेजेत पडत होती, बाबा. माझ्या सासऱ्यांनी रस्त्यावर उभं राहून ट्रक अडवलेत. आणि ट्रक निदान दिवसा चालायचे. एकाने त्रास दिला म्हणून दुसऱ्याला मुभा, हा कुठला न्याय?

फोंड्याचा आरएक्सवाला: पकडतात मात्र आपल्यालाच. रेंटच्या काळ्या पाटीवाल्या गाड्या शिवोलीच्या रस्त्यावर रात्रभर बोंबलत फिरतात, त्यांना कोण थांबवतं?

दिचोलीकर: थांबवायला हवंच, पण पाटी बघून डेसिबल बदलत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) वाचा. १० हजारांपर्यंत दंड, वर लायसन्स ३ महिने जाऊ शकतं.

म्हापशेकर: झाले वकील सुरू! रेसच्या गाड्यांना लावतात ते काय शोभेला?

दिचोलीकर: रेसची गाडी सतत वरच्या आरपीएमला फिरते. पूर्ण सिस्टीम, एअर फिल्टर आणि रीमॅप एकत्र केलं तर तिथे थोडे घोडे नक्की वाढतात. तुमची गाडी म्हापसा बाजारात दुसऱ्या गियरला असते. आणि बेंड पाईप बदललात म्हणजे त्यातला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गेला. जुना माल कुठे आहे?

म्हापशेकर: मेकॅनिककडेच. जागा अडते म्हणून तो ठेवून घेतो म्हणाला. चांगला माणूस आहे.

दिचोलीकर: फारच चांगला! आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असतं. आजच जाऊन घेऊन या.

साखळीकरीण: जाल तेव्हा गाडी ढकलत न्या.

म्हापशेकर: जाऊन आलो. भंगारवाला कालच घेऊन गेला म्हणे. आता नवा ओरिजिनल कितीला पडतो, कोणाला माहीत आहे? मायलेजचं मी अजूनही मान्य केलेलं नाही.