मदत हवी आहे : लँकेस्टर धाटणीची चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणारी) रायफल, लॉक आणि काळ यांचा मेळ बसेना

नमस्कार मंडळी,

मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहतो. सुतारकाम बरंच केलंय, बंदूक मात्र पहिलीच. मालवणजवळ आमच्या गावी आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, केपवाली, शेताच्या राखणीसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला मीही त्यांच्याबरोबर जायचो. दारू ठासताना होणारा गजाचा आवाज अजून आठवतो. इथे आल्यावर कळलं की 18व्या शतकात जर्मन आणि स्विस कारागिरांनी आखूड, जाड्या यागर या जर्मन शिकारी रायफलीवरून लांब, सडपातळ रायफल घडवली ती याच भागात. जग तिला केंटकी रायफल म्हणतं, पण जन्म इथला. तेव्हापासून एक स्वतःच्या हातांनी करायची हे डोक्यात आहे.

आतापर्यंत जमवलेलं सामान : कर्ली मेपलची चांगली वाळलेली फळी आणि .50 कॅलिबरची 42 इंची अष्टकोनी नळी. नळी 'स्वॅम्प्ड' आहे, म्हणजे मागे जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुललेली. सरळ नळी स्वस्त पडत होती आणि तिची खोबण कोरणंही सोपं. पण एका ओळखीच्यांची सरळ नळीची रायफल खांद्याला लावून पाहिली तर तोंड सारखं खाली ओढत होतं. स्वॅम्प्ड नळीची रायफल उचलल्यावर तोल हातातच येऊन बसतो. कॅलिबर .50 घेतलं कारण इथल्या डिसेंबरअखेरच्या चकमकीच्या हरीण-हंगामात किमान .44 लागतं.

घोळ लॉकचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा, झालाय. मला करायची आहे 1770च्या सुमाराची लँकेस्टर रायफल : रुंद, जाड दस्ता, सरकत्या लाकडी झाकणाची पॅचबॉक्स (दस्त्यात कोरलेला छोटा कप्पा). विक्रेत्याने 'लँकेस्टरला चालेल' म्हणून दिलेलं लॉक इंग्रजी धाटणीचं, सपाट तोंडाचं निघालं. फ्रिझनच्या (चकमक जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीच्या) स्प्रिंगवर छोटं चाकही आहे. जुन्या रायफलींचे फोटो पाहत बसल्यावर लक्षात आलं की हे चाक बरंच नंतरचं. 1770साठी जर्मन वळणाचं, सायलर नावाच्या मॉडेलसारखं लॉक हवं होतं. परत घ्यायला तो तयार नाही.

लॉक उत्तम आहे, हे मान्य करायला हवं. चकमक बसवून चाप ओढला की रंजकाच्या (पेटवणीच्या दारूच्या) वाटीत ठिणग्यांचा झोत पडतो. म्हणून विचारतो : नवं लॉक घेऊ, की रायफलीचंच साल पुढे ढकलू? ढकललं तर पॅचबॉक्स आणि दस्ता कसा बदलू? दुहेरी सेट-ट्रिगर (एक चाप आधी ताणायचा, मग दुसरा हलक्या स्पर्शाने सुटतो) घालू की साधा एकच चाप? आणि एक मोह आहे. पेनसिल्व्हेनियातल्याच लीहाय खोऱ्यातल्या रायफलींचा तो खाली वळत गेलेला, बाकदार दस्ता मला फार आवडतो. त्या धाटणीकडे वळू का?

(भारतातल्या वाचकांसाठी : तिकडे परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. हे वाचून हात घालू नका.)

प्रतिसाद

दादा, लॉक ठेवा, साल बदला. ठिणग्या पाडणारं लॉक सोडून नुसत्या तारखेसाठी दुसरं घेणं मला पटत नाही. 1790 नंतर इंग्लंडहून आलेली लॉकं अमेरिकन रायफलींवर सर्रास बसवली जात, त्यामुळे 1795ची लँकेस्टर म्हणून तुमची रायफल शोभेल. मग लाकडी झाकण सोडा. पितळी पॅचबॉक्स घ्या, वर डेझीचं फूल असलेली, ती लँकेस्टरची ओळखच आहे. दस्ता 1770पेक्षा अरुंद ठेवा, खांद्याला टेकणारी पितळी पट्टी जास्त बाकदार घ्या, वरची-खालची रेघ मात्र सरळच राहू द्या. लीहायचा बाक याच्यात मिसळाल तर रायफल ना इथली ना तिथली होईल. तो पुढच्या रायफलीसाठी राखून ठेवा. एकच चाप घाला, पहिल्या कामात दुहेरीची झटापट नको.

खरी काळजी क्रमाची घ्या. आधी नळी, मग शेपटी (नळीच्या मागच्या बुचाची लाकडात बसणारी पट्टी), त्यानंतर लॉक. नळीचा कान (ठिणगी आत नेणारं छोटं भोक) मागच्या बुचाच्या तोंडाच्या किंचित पुढे यायला हवा आणि त्याच जागी वाटीचा मध्य. लॉक आधी कोरलंत आणि कान मागे गेला, तर तो बुचातच घुसतो. दुसरं, गजाचं भोक. खोबण आणि भोक यांच्यामध्ये 1/8 इंच लाकूड राहतं आणि लॉकचा पुढचा स्क्रू त्यातूनच जातो. भोक वर भरकटलं तर स्क्रूला जागा उरत नाही, खाली भरकटलं तर दस्त्याचा पुढचा भाग जाडजूड होतो. ड्रिलची कांडी लांब आणि सरळ घ्या, दर दोन-तीन इंचांना बाहेर काढून भुसा झाडा. लाकूड कोरण्याआधी जुन्या रायफली प्रत्यक्ष पाहा. लँडिस व्हॅली म्युझियम तुमच्या काउंटीतच आहे.

धागाकर्ता

मनापासून आभार. 1795 ठरलं. कान आणि बुचाचं गणित माझ्या ध्यानीमनीही नव्हतं, मी लॉकपासूनच सुरुवात करणार होतो. आज बूच काढून त्याची लांबी मोजली, 5/8 इंच भरली. कानाची जागा नळीवर पेन्सिलीने आखून फोटो टाकतो. तुम्ही बघून होकार दिल्याशिवाय पटाशी हातात घेणार नाही.