ट्रान्सफॉर्मरच्या एक्स्पोर्टमध्ये परदेशी माल किती? डेटाबेस सुचवा (बजेट शून्य)

रेवा_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी. एमए इकॉनॉमिक्सचं शेवटचं वर्ष, बडोद्यातच. डिझर्टेशनचा विषय असा की भारत जे ट्रान्सफॉर्मर बाहेर पाठवतो (आपल्याकडे ते भरपूर बनतात म्हणून तेच घेतले) त्या शंभर रुपयांच्या एक्स्पोर्टमध्ये आपले खरे किती आणि बाहेरून आणलेल्या मालाचे किती. सरांचं म्हणणं, नुसते कस्टमचे आकडे नकोत, व्हॅल्यू ॲडेडमध्ये (म्हणजे प्रत्येक पायरीला कुठल्या देशात किती किंमत वाढली त्यात) काढ, आणि कुठून तयार आकडा उचलून आणू नकोस, गणित स्वतः कर. नेटवर बघितलं तर कुठल्या देशाचा कुठला उद्योग कुणाचा माल किती वापरतो याचे डेटाबेसच ढीगभर, वायॉड, टिवा, इओरा, जीटॅप, एडीबीचं (आशियाई विकास बँक) वेगळंच, डोकं फिरायची वेळ आलीय. कोणतं घेऊ? अटी: बजेट शून्य म्हणजे खरंच शून्य. लॅपटॉप दादाचा जुना, ८ जीबी रॅम. कोडिंग येत नाही, एक्सेल बऱ्यापैकी येतं. मार्चमध्ये सबमिशन.

स्टाटाप्रेमी
स्टाटा (आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर) घे, विषय संपला. त्यात आयसिओ नावाची कमांड आहे, बेलोत्ती, बोरिन आणि मान्चिनी या तिघांनी केलेली, टेबल आपोआप उतरतं, एक ओळ टाकली की देशी-परदेशी हिस्से समोर. मी पीएचडीला हेच वापरलं, व्हायव्हात कोणी ब्र काढला नाही. स्टुडंट लायसन्स काय एवढं महाग नसतं.

रेवा_दांडियाबाजार
वर बजेट लिहिलंय ना.

अलकापुरीचा_नीलेश
डेटाबेसचं नंतर बघ, आधी लॅपटॉप बदल. ८ जीबीवर हे होणारच नाही, मध्येच गचकेल आणि मार्चमध्ये रडशील. मी गेल्या दिवाळीत ३२ जीबीवाला घेतला, लोण्यासारखा चालतो. सयाजीगंजात ईएमआयवर देतात.

कोडकर
नीलेशभाई, तुम्ही गेमिंगचं बोलताय. हिशोब करू ने सरळ. ओईसीडी म्हणजे विकसित देशांची संघटना, टिवा तिच्याच टेबलांवर उभं आहे. तिच्या २०२३ च्या टेबलात ७६ देश आणि एक 'उरलेलं जग', प्रत्येकाचे ४५ उद्योग. ७७ गुणिले ४५ म्हणजे ३४६५ ओळी आणि तेवढेच रकाने, साधारण १ कोटी २० लाख आकडे, प्रत्येकी ८ बाइट, झाले ९६ एमबी. उलटा मॅट्रिक्स (इन्व्हर्स) काढताना चार कॉप्या झाल्या तरी अर्ध्या जीबीच्या आत. ८ जीबी चिक्कार झालं. पूर्ण इओरा घेतलं तर गोष्ट वेगळी, त्यात पंधरा हजारांवर सेक्टर आहेत, एकच मॅट्रिक्स दोन जीबीच्या घरात जातो.
रेवा, आर नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिक. फुकट आहे. डीकॉम्पर पॅकेज टाक, टेबल दे, एक्स्पोर्टचे देशी-परदेशी तुकडे करून देतं. मी तुला स्क्रिप्ट पाठवतो.

एक्सेलवीर
आर शिकायला तिला वेळ आहे का? एक्सेलमध्ये सगळं होतं. मी बँकेत वीस वर्षं एक्सेलवर काढली.

कोडकर
३४६५ चा इन्व्हर्स एक्सेलमध्ये काढून दाखवा, मी सेवउसळ देतो. महाकाळीची.

एक्सेलवीर
लॅपटॉप चांगला असला तर होतं.

अलकापुरीचा_नीलेश
तेच म्हणतोय मी!!

इओराग्रस्त
इओरा२६ च्या वाटेला अजिबात जाऊ नकोस, तळतळून सांगतेय. माझ्या गाइडने घ्यायला लावलं, म्हणे १९० देश आहेत, मोठं आहे, युनिव्हर्सिटीवाल्यांना फुकट. खरं आहे, पण २६ सेक्टरमध्ये 'इलेक्ट्रिकल आणि मशिनरी' एकाच डब्यात. म्हणजे तुझा ट्रान्सफॉर्मर, कुणाचा पंप, कुणाचं लेथ मशीन, टीव्ही, सगळी भेळ. माझं तर फार्मा होतं, ते पेट्रोलियम, केमिकल आणि सिमेंट-काचेबरोबर एका रकान्यात निघालं. अख्खं चॅप्टर फेकलं. आणि गाइड म्हणतात मी तर फक्त सुचवलं होतं.
एडीबीचं पण बघून घे, ३५ सेक्टर आहेत आणि त्यात इलेक्ट्रिकलबरोबर ऑप्टिकल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स एकत्र. आशियातले छोटे देश हवे असले तर ते बरं. ओईसीडी आणि वायॉडच्या २०१६ च्या आवृत्तीत इलेक्ट्रिकल वेगळं आणि फार्मा पण वेगळं.

वायॉडवाला
वायॉडच. ४३ देश, ५६ उद्योग, कागदपत्रं इतकी नीट की आंधळ्यालाही समजेल. ग्रोनिंगेन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी केलंय. आजचे ओईसीडीवाले काय करतात ते त्यांनाच ठाऊक, आकडा कुठून आला विचारलं तर पन्नास पानं वाचायला लावतात.

कोडकर
वायॉड २०१४ ला थांबलं. त्यानंतर जीएसटी आला, कोविड आला.

वायॉडवाला
गणित शिकायला २०१४ काय वाईट? विषय पद्धतीचा आहे, बातम्यांचा नाही.

मकरपुरा_काका
बेटा, मी हे धंद्यातून सांगतो, मॅट्रिक्सबिट्रिक्स मला कळत नाही. जीआयडीसीत (गुजरातची औद्योगिक वसाहत) आमचं छोटं युनिट आहे, डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर बनवतो, थोडे आफ्रिकेत जातात. तुला आकडा हवा ने, तर ये ऑफिसला, बिल ऑफ एन्ट्री (आयातीचा कस्टमचा कागद) दाखवतो. कोअरचं सीआरजीओ स्टील बरंचसं बाहेरून. तांबं लोकल, टाकी लोकल, तेल लोकल, मजुरी आपली. एक्स्पोर्टच्या ऑर्डरचं स्टील ॲडव्हान्स ऑथरायझेशनवर ड्यूटी न भरता आणतो, त्यात सरकारच विचारतं व्हॅल्यू ॲडिशन किती, किमान १५ टक्के दाखवावी लागते. एफओबीतून (एक्स्पोर्टची जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) सीआयएफ (आयात मालाची विमा-भाड्यासकट किंमत) वजा, भागिले सीआयएफ. संपला तुझा थिसिस, एका पानात. या लोकांना विचारत बसलीस तर पुढचा मार्च येईल.

जोशीसर_निवृत्त
मकरपुरा काकांनी नकळत फार कामाच्या दोन गोष्टी सांगितल्या, म्हणून जरा लांब लिहितो, माफ करा, सवय आहे.
पहिली. काका म्हणतात तांबं लोकल. बिल लोकल आहे, बरोबर. पण ते तांबं समजा दहेजच्या स्मेल्टरमधलं असलं तर तिथे कॉन्सन्ट्रेट (तांब्याच्या खनिजाची भुकटी) जहाजाने बाहेरून येतं. म्हणजे काकांच्या वहीत जे देशी, त्यात एक पायरी मागे परदेशी माल बसलाय. तेलाचंही तसंच, बेस ऑइलच्या मागे क्रूड. बिल फक्त पहिली पायरी दाखवतं. मागच्या सगळ्या पायऱ्या एकदम पकडायच्या असतील तर अर्थशास्त्रज्ञ लिओन्टीफचा उलटा मॅट्रिक्स लागतो, त्याला १९७३ चं नोबेल उगाच नाही मिळालं.
दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. काका एक्स्पोर्टच्या ऑर्डरला बाहेरचं स्टील वापरतात कारण ड्यूटी लागत नाही, देशातल्या ऑर्डरला कदाचित वेगळं वापरत असतील. टेबल बनवणाऱ्यांना हे दिसत नाही. ते धरून चालतात की एक्स्पोर्टच्या नगाला आणि देशातल्या नगाला आयात माल सारख्याच प्रमाणात लागतो. ओईसीडी चीन आणि मेक्सिकोसाठी एक्स्पोर्टवाले उत्पादक वेगळे काढते कारण तिथे हा फरक प्रचंड आहे. भारतासाठी काढलेला नाही. तेव्हा टेबलातून येणारा परदेशी हिस्सा खऱ्यापेक्षा कमीच असण्याची शक्यता धर. हे डिझर्टेशनमध्ये लिही, परीक्षक खूश होईल.

मकरपुरा_काका
सर, देशातल्या ऑर्डरला आम्ही काय वापरतो ते असं पब्लिकमध्ये नका विचारू.

रावपुरा_रवी
आणि लोक म्हणतात मेड इन बडोदा. विमानाचंच बघा, लष्कराचं मालवाहू सी-२९५, बडोद्यातला कारखाना, ऑक्टोबर २०२४ मध्ये केवढा सोहळा झाला, स्पेनचे पंतप्रधान आले, रोड शो. ५६ पैकी १६ तर सेव्हिलहून तयार उडत येणार होती. बाकी ४० इथे जोडणार. स्क्रू फिरवला की स्वदेशी.

सावलीचा_सुहास
काहीही काय. इथे पार्ट पण बनणार आहेत, नुसते स्क्रू नाही. आणि सावलीच्या ट्रेन कारखान्यातून ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला ट्रेनच्या ट्रेन गेल्या, ते विसरले सगळे. टीका करायला काय जातं.

रावपुरा_रवी
ट्रेनच्या मोटरी कुठल्या ते सांग आधी.

इओराग्रस्त
अहो धागा ट्रान्सफॉर्मरचा आहे.

वायॉडवाला
स्क्रूचा मुद्दा अगदीच अवांतर नाही. २००९ च्या आयफोनचा हिशोब शिंग आणि डेटर्ट यांनी मांडला होता, बनवायचा खर्च १७८.९६ डॉलर आणि त्यात चीनची जुळवणी फक्त ६.५० डॉलर. पण कस्टमच्या वहीत अख्खा फोन चीनची एक्स्पोर्ट. ह्याच्यामुळेच तर ओईसीडी आणि डब्ल्यूटीओने २०१३ मध्ये टिवा आणलं.

स्टाटाप्रेमी
मग मी तेच म्हणालो ना, टिवाचं टेबल आयसिओ कमांडमध्ये थेट उतरतं.

पीथमपूरकर
इंदूरहून लिहितोय. आमच्याकडे प्रोजेक्टला जीटॅप घेतलं होतं, अमेरिकेतल्या परड्यू युनिव्हर्सिटीचं. पैसे पडतात पण शंभराच्या वर देश आणि ६५ सेक्टर, शेतीचे तर काय विचारता, सोयाबीनसारखी तेलबियांची पिकं वेगळी. बाकी सगळी खेळणी आहेत. ऑफिसकडून घेऊन टाका.

जोशीसर_निवृत्त
तिला ऑफिस नाही. आणि जीटॅपला सलग वर्षं नाहीत, २००४, २००७, २०११, २०१४, २०१७ अशी सुटी वर्षं आहेत.

मांडवीची_मेधा
रेवाताई, एक सावधगिरी. 'डेटा ॲनालिसिस करून देतो' म्हणणाऱ्या कुणाला पैसे देऊ नका. माझ्या बहिणीने दिले होते, सुंदर रंगीत टेबलं आली, बेरीज केली तर देशी अधिक परदेशी मिळून ११८ टक्के. फोन केला तर म्हणे मॅडम हे ॲडव्हान्स मेथडने आहे.

कोडकर
डबल काउंटिंग त्यांनी मनावरच घेतलं वाटतं. म्हणूनच कूपमन-वांग-वे वाचा, २०१४ चा पेपर, एकूण एक्स्पोर्टचे नऊ तुकडे. त्यात दोनदा मोजलेला भाग वेगळा काढलाय. डीकॉम्परमध्ये आहे ते. रेवा, स्क्रिप्ट पाठवू?

जोशीसर_निवृत्त
एमएला नऊ तुकडे कशाला. आणि त्या नऊ तुकड्यांवरही पुढे वाद झालेच, लॉस, टिमर आणि डी व्रीस म्हणाले एवढी कसरत नको, एक्स्पोर्ट काढून टाकली तर जीडीपी किती पडतो ते बघा, तोच देशी हिस्सा.
रेवा, एक मूलभूत अडचण कुणीच सांगितली नाही. तुझा विषय ट्रान्सफॉर्मर, पण ओईसीडीतला इलेक्ट्रिकलचा रकाना म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोटर, बॅटरी, वायर-केबल, बल्ब, पंखे आणि मिक्सरसुद्धा. शीर्षक बदलावं लागेल. आपल्या सरकारची सप्लाय-युज टेबलं (कोण काय बनवतं, कोण काय वापरतं) १४० वस्तू आणि ६६ उद्योगांची आहेत, जास्त बारीक, पण त्यात कुठल्या उद्योगाने आयात माल किती आणि देशी किती वापरला हे वेगळं काढलेलं नाही, ते अंदाजाने फोडावं लागतं. आणि गुजरातचं वेगळं यात मिळणार नाही, ते मनातून काढ.

अलकापुरीचा_नीलेश
३२ जीबी घेतला तर ६६ चं पण पटकन होईल.

रेवा_दांडियाबाजार
सगळ्यांचे आभार, खरंच. दोन दिवस विचार केला, सरांशी बोलले. ठरलं ते सांगते, रागवू नका कुणी.
जगाचं टेबल घेतच नाहीये. ओईसीडीच्या साइटवर प्रत्येक देशाचं स्वतंत्र इनपुट-आउटपुट टेबलही आहे, २०२३ च्या आवृत्तीत ४५ उद्योगांचं, त्यात देशी माल आणि आयात माल आधीच वेगवेगळा दिलाय. फुकट. भारताचं एकच टेबल, ४५ बाय ४५, एक्सेल आरामात उलटं करतं. पद्धत हमेल्स, इशी आणि यी यांची, २००१ ची. आयात मालाचे गुणांक (रुपयाभर उत्पादनाला किती आयात माल लागतो), त्याला देशी मॅट्रिक्सचा लिओन्टीफ, त्याला एक्स्पोर्ट, भागिले एकूण एक्स्पोर्ट. जोशीसरांनी सांगितलेलं दहेजचं तांबं यात पकडलं जातं कारण ती पायरी देशातच आहे. शीर्षक आता 'इलेक्ट्रिकल उपकरणं' असं केलंय. काका, तुमच्याकडे चहाला नक्की येईन पण बिलं नको, सर म्हणाले सेकंडरी डेटावरच राहा.

कोडकर
अगं २५ वर्षांपूर्वीची पद्धत! बाहेर गेलेला आपला माल दुसऱ्याच्या वस्तूत बसून परत आला तर तो तू परदेशी धरणार. हे जगाच्या टेबलाशिवाय सुटत नाही.

रेवा_दांडियाबाजार
हो, ते मर्यादांमध्ये लिहितेय. सर म्हणाले भारताच्या बाबतीत तो भाग अगदी किरकोळ असतो.

वायॉडवाला
निदान २०१४ चं वर्ष घे म्हणजे वायॉडशी ताडून बघता येईल.

जोशीसर_निवृत्त
छान ठरवलंस. आता एक कर, तुझं उत्तर आलं की टिवाच्या साइटवर भारत, इलेक्ट्रिकल, एक्स्पोर्टमधला परदेशी व्हॅल्यू ॲडेडचा हिस्सा, तेच वर्ष, तीच आवृत्ती असं बघून घे. तंतोतंत जुळणार नाही पण आसपास यायला हवं. खूप लांब आलं तर ओळी आणि रकाने उलटे झालेत समज.

मकरपुरा_काका
सेकंडरी तर सेकंडरी. सीआरजीओचा भाव वर लिही कुठेतरी, फार चढलाय.

रेवा_दांडियाबाजार
एक प्रॉब्लेम. एमइन्व्हर्सला (एक्सेलचं मॅट्रिक्स उलटं करायचं सूत्र) सगळीकडे एरर येतोय. टेबल बरोबर कॉपी केलंय.

कोडकर
एखाद्या उद्योगाचं एकूण उत्पादन शून्य असेल. शेवटचा रकाना बघ, घरकाम करणाऱ्यांचा, तो बऱ्याच टेबलांत रिकामा असतो. शून्याने भागाकार झाला की एक एरर अख्ख्या मॅट्रिक्सला खातो. गुणांक काढताना इफ लाव, उत्पादन शून्य तर गुणांक शून्य. आणि जुनं एक्सेल असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एंटर दाबायला विसरू नकोस.

रेवा_दांडियाबाजार
झालं!! तोच रकाना होता.

स्टाटाप्रेमी
स्टाटात हे आलंच नसतं.