मदत हवी आहे: मोशन सिम्युलेशनमधील भार घेऊन रॉकर आर्म हलका करताना प्रत्येक फेरीत वेगळाच आकार मिळतो

वेर्णा_डिझाइन:
नमस्कार. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यासाठी, गोळ्यांच्या स्ट्रिप कार्टनमध्ये ढकलणाऱ्या यंत्राच्या रॉकर आर्मचे (पिनभोवती पुढेमागे झुलणाऱ्या दांड्याचे) वजन मला कमी करावयाचे आहे. मोशन सिम्युलेशनमधून (यंत्राच्या हालचालीच्या संगणकीय नकलेतून) सांध्यांवरील बलांचे आलेख काढले आणि सर्वांत मोठ्या बलाचा क्षण निवडून ते बल टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनला (नको तेथील धातू काढून हलका आकार सुचवणाऱ्या गणनेला) दिले. मिळालेला आकार परत मोशनमध्ये घातला की बले बदलतात आणि त्या बलांनी पुन्हा आकार काढला की तोही बदलतो. शिवाय मुख्य पिनच्या भोकाभोवती दर वेळी अवाजवी ताण दिसतो. रेखाचित्र याच आठवड्यात मशीनिंगला जायचे आहे, तेव्हा सर्वसाधारण मार्गदर्शन नको, नेमके उत्तर हवे.

मेश_मास्तर:
नेमक्या उत्तरासाठी माहितीही नेमकी लागते. वेग किती, धातू कोणता, आर्म कशाने चालतो आणि एफईएमध्ये (भागाचे छोटे तुकडे पाडून ताण मोजणाऱ्या संगणकीय गणनेत) आपण तो कोठे व कसा धरला आहे?

कुंडई_वर्कशॉप:
माझे ऐकाल तर या फंदात पडू नका. दोन्ही बाजूंना रिब ठेवून मधे दोन पॉकेट (खोलगट खाचा) मारली की आर्म हलकाही होतो आणि साध्या तीन अक्षांच्या मशीनवर निघतोही. संगणक जो वडाच्या पारंब्यांसारखा आकार देतो, तो येथे कोण आणि किती पैशांत करून देणार आहे?

वेर्णा_डिझाइन:
आकार नंतर मशीनिंगयोग्य करून घेणार आहे, प्रश्न तो नाही. मिनिटाला ६० कार्टनवरून ९० वर जायचे आहे. धातू ६०६१-टी६ ॲल्युमिनियम. आर्म कॅमने, म्हणजे वक्र कडेच्या फिरत्या चकतीने, चालतो. मुख्य पिनचे भोक फिक्स केले आणि दुसऱ्या टोकाला पिनबल लावले. सगळे असेच करतात, म्हणून लिहिण्याची गरज वाटली नाही.

मेश_मास्तर:
आपले उत्तर त्या ‘फिक्स’ शब्दात आहे. खरा पिन आर्मला फिरू देतो, तर आपल्या मॉडेलमधील भोक त्याला फिरू देत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात आर्मच्या संपूर्ण लांबीवर पसरलेले जडत्व जो आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम) पेलते, तो येथे भोकाच्या कडेवर येऊन साठतो आणि तोच ताण आपल्याला दिसतो. सर्व सांध्यांवरील बलांबरोबर त्याच क्षणाचे गुरुत्व, कोनीय वेग आणि कोनीय त्वरण घेतले, तर दालांबेरच्या तत्त्वानुसार (जडत्वही बल म्हणून धरले की हलता भाग स्थिर भागासारखा तपासता येतो) भाग आपोआप समतोलात असतो. मग तो कोठेही आवळण्याऐवजी इनर्शिया रिलीफ (भाग न आवळता उरलेले बल त्याच्याच जडत्वाने तोलण्याची सोय) वापरावा.

आकार बदलत राहतो याचे कारण वेगळे आहे. वेग दीडपट झाला की जडत्वबल २.२५ पट होते, आणि त्या बलाचा मोठा वाटा आर्मच्याच वस्तुमानाचा असल्यामुळे ऑप्टिमायझरने धातू काढला की भारही कमी होतो. म्हणून भार गोठवून चालत नाही, मोशन आणि ऑप्टिमायझेशन यांची फेरी भार स्थिरावेपर्यंत चालवावी लागते. कोरियातील ग्युंग-जिन पार्क व सहकाऱ्यांनी विकसित केलेली समतुल्य स्थितिक भारांची पद्धत (हालचालीतील प्रत्येक क्षणाऐवजी तेवढेच वाकवणारा स्थिर भार घेणे) हेच काम शिस्तीने करते, आणि ऑप्टिस्ट्रक्ट या सॉफ्टवेअरमध्ये ती उपलब्ध आहे. एकच क्षण घेणेही धोक्याचे आहे, कारण स्ट्रोकच्या (आर्मच्या एका झोक्याच्या) दोन टोकांना वाकण्याची दिशा उलटते. ॲल्युमिनियमला स्टीलसारखी निश्चित थकवा-मर्यादा (ज्याखालील ताण कितीही वेळा आला तरी धातू मोडत नाही अशी पातळी) नसल्यामुळे ही उलटापालट महत्त्वाची ठरते. दोन्ही टोके, मधला कमाल वेगाचा क्षण आणि कार्टनला स्पर्श होण्याचा क्षण, एवढे लोड केस (तपासायच्या भारस्थिती) तरी ठेवावेत.

कॅमप्रेमी:
सर्वजण आर्मच्या मागे लागले आहेत. भार कॅममधून येतो, तेव्हा कॅमचा वक्र सांगा.

वेर्णा_डिझाइन:
पॅराबोलिक आहे, आणि ग्राहक तो बदलू देणार नाही.

कॅमप्रेमी:
मग आपले सिम्युलेशन आपल्याला खोटा दिलासा देत आहे. तेवढ्याच उचलीला आणि वेळेला कमाल त्वरणाचा गुणांक पॅराबोलिकमध्ये ४, मॉडिफाइड साइनमध्ये ५.५३ आणि सायक्लॉइडलमध्ये ६.२८ येतो. आकडा पाहून पॅराबोलिक सौम्य वाटतो, परंतु त्याचे त्वरण एका क्षणात उलटते, आणि त्या झटक्याने उठणारे कंपन दृढ (न वाकणाऱ्या) भागांच्या मॉडेलला दिसतच नाही. मॉडिफाइड साइन घ्या.

मेश_मास्तर:
निदान मान्य आहे, उपाय नाही. वक्र बदलता येत नाही असे धागाकर्त्यांनी स्पष्ट लिहिल्यावर तोच आग्रह कशाला? मोशनमध्ये आर्म लवचीक भाग म्हणून घेतला की ते कंपन भारांत उतरते.

वास्को_किनारा:
आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरते. ३१६ स्टेनलेस वापरावे, हा माझा सल्ला.

कुंडई_वर्कशॉप:
औषधांच्या वातानुकूलित खोलीत खारा वारा कोठून येणार? आणि ३१६ ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट जड असते. येथे वजन उतरवायचे आहे.

संगणकाबद्दल मी वर बोललो ते बोललो, पण एक गोष्ट कोणीच विचारलेली नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले आर्म सुरळीत चालताना मोडलेले नसतात. कार्टन अडकते किंवा पावसात वीज जाऊन ब्रेक बसतो, तेव्हा ते मोडतात. हे भार आपल्या आलेखात आहेत का?

वेर्णा_डिझाइन:
नाहीत. मुख्य शाफ्टवर टॉर्क लिमिटर (टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, ठरावीक मर्यादेपुढे गेला की सुटणारा जोड) आहे, त्यामुळे ते धरले नव्हते. इनर्शिया रिलीफने भोकाजवळचा ताण उतरला असून लागोपाठच्या दोन फेऱ्यांतील आकारही आता जवळपास जुळतात. मात्र लिमिटर किती टॉर्कला सुटतो, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नाही.

मेश_मास्तर:
तो आकडा हवाच. अडकण्याच्या स्थितीत आर्मवरील कमाल बल त्यावरूनच ठरेल. ब्रेकचा लोड केस मात्र वेगळा ठेवा.

कुंडई_वर्कशॉप:
यंत्राची वीज तोडून मोटरला कुलूप लावा आणि हातचाकाच्या शाफ्टवर टॉर्क पाना लावून लिमिटर सुटेपर्यंत सावकाश फिरवा. आधी हातचाक लिमिटरच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहून घ्या. मोटरच्या बाजूला असेल, तर आर्म लाकडी ठोकळ्याने अडवावा लागेल, आणि तो कॅमच्या कोणत्या कोनावर अडवला ते लिहून ठेवा, कारण त्याच टॉर्कचे आर्मवर पडणारे बल कोनागणिक बदलते.