बुडापेस्टचा वायदाहुन्याद किल्ला आईला नीट दाखवायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन बुडापेस्टला चाललोय. आई ७१ वर्षांची, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालते, जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी.

संसद, नदीतली बोट यांची माहिती भरपूर मिळाली. अडलंय ते व्हारोशलिगेत बागेतल्या वायदाहुन्याद किल्ल्यापाशी, आणि आईला मुळात तोच बघायचाय. हंगेरियन लोक त्या भूमीत आले त्याला हजार वर्षं झाली म्हणून १८९६ साली मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी इग्नाट्स अल्पार या वास्तुविशारदाने देशातल्या नावाजलेल्या इमारतींचे भाग एकत्र गुंफून हा किल्ला लाकूड-पुठ्ठ्याचा उभा केला. लोकांचा त्यावर इतका जीव जडला की १९०४ ते १९०८ मध्ये तोच पक्का बांधून काढला. आई म्हणते, "आपल्या दिवाळीच्या किल्ल्यासारखंच की! मोडवेना, म्हणून दगडात बांधला."

तिला तो शतकांच्या क्रमाने बघायचाय: याकच्या चर्चवरून घेतलेलं रोमनेस्क दार, मग गॉथिक, रेनेसाँ, शेवटी बरोक, अशा एकामागून एक आलेल्या बांधकामशैली. वहीत पेन्सिलने नकाशासुद्धा काढून ठेवलाय. पुलावरून आत शिरल्यावर या क्रमाने फिरता येतं का, की सारखं मागेपुढे करावं लागतं? अंगणात बसायला बाक आहेत का? आतलं कृषी संग्रहालय राहिलं तरी चालेल. मागच्या सहलीत टूरवाल्यांनी एका किल्ल्यावर जेमतेम वीस मिनिटं दिली होती, आई हिरमुसून बसमध्ये बसली. म्हणून यंदा आमचं आम्हीच जातोय.

तिथे चारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळीच पोचायचंय. १८९६ चीच ती जुनी पिवळी मेट्रो घ्यायची आहे. पायऱ्या कुठे कमी, हीरोज स्क्वेअरला की सेचेनी स्नानगृहाच्या स्टेशनवर? किल्ल्याजवळच्या तळ्यावर बर्फावरचं स्केटिंग सुरू असताना पुलावर फार गर्दी होते का?

आणि एक. अंगणात अनोनिमुसचा पुतळा आहे, राजाचा इतिहासकार, ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही. चेहरा टोपडीत झाकलेला, हातातली लेखणी लोकांनी हात लावून लावून चकचकीत झालेली. आईला त्या लेखणीला हात लावायचाय. खाली उभं राहून हात पोचतो का, की चौथऱ्यावर चढावं लागतं?