लग्नात मुद्दाम जास्त शिजवून उरलेले संस्थेला देणे योग्य आहे का?

प्रश्न
पुढील महिन्यात पुण्यात माझ्या मुलीचे लग्न आहे. केटरर चारशे ताटांची हमी मागतो आहे. प्रत्यक्षात साडेतीनशेच्या आसपास माणसे येतील. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, कमी पडण्यापेक्षा उरलेले बरे, उरलेच तर एखाद्या आश्रमाला पाठवू. मला हे पटत नाही. असे करणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का, आणि ते अन्न खाण्याजोगे पोहोचते का?

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि मोठ्या पातेल्यातला मसालेभात वरून निवला तरी आत कितीतरी वेळ कोमट राहतो. शिवाय भातात वाढणाऱ्या एका जिवाणूचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. दुपारी साडेबाराला उघडलेले पातेले संध्याकाळी रिक्षात घालून पाठवणे म्हणजे जे आपण व्याह्यांना वाढायला धजलो नसतो, ते दुसऱ्याच्या मुलांपुढे ठेवणे होय. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत, आणि ते देणाऱ्यावरही जबाबदारी टाकतात. म्हणून ताटांचा आकडा सांगतानाच विचार व्हायला हवा. हमी साडेतीनशेची द्या आणि पुऱ्या, भजी पंगत बसेल तशी तळायला सांगा.

प्रतिसाद २
मी बहुतांशी सहमत आहे. तरीही उरलेले देणेच गैर, असा अर्थ कोणी काढू नये. अंदाज कितीही नेटका बांधला तरी थोडेफार उरतेच. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक सुरू केली, ती समारंभांतले चांगले अन्न भुकेल्यांपर्यंत नेण्यासाठीच. मात्र संस्थेशी आधीच बोलून ठेवावे आणि वाढप्यांचा हात न लागलेली भांडी वेगळी, गरम व झाकून ठेवावीत. ताटातले उष्टे कोणालाच देता येत नाही. त्यासाठी आग्रह आवरावा आणि जिलबी लहान करावी.

प्रतिसाद ३
अन्न कमी पडले तर चारचौघांत नाचक्की होईल, ही वडीलधाऱ्यांची भीती हलकी समजू नये. केटररला पन्नास माणसांचा कोरडा शिधा हाताशी ठेवायला सांगा. गरज पडली तर वरण-भात तासाभरात होतो, आणि नाही पडली तर तेच डाळ-तांदूळ दुसऱ्या दिवशीही आश्रमाला निर्धास्तपणे देता येतात.