होमस्टेसाठी मराठी डोमेन घ्यावं का? सल्ला हवा

माडाखालचा मी:
वेंगुर्ल्याजवळ चार खोल्यांचा होमस्टे आहे, नाव 'किनाऱ्यावर'. पाटी मराठीत, मग वेबसाइटचा पत्ताही मराठीतच हवा, हा बाबांचा हट्ट. 'किनाऱ्यावर.भारत' घेऊ का? मागाहून पस्तावायला नको.

दापोलीचा आंबेवाला:
घ्या, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. आम्ही पेट्यांवर मराठी पत्ता छापला. पुण्याच्या गिऱ्हाइकाने तो कॉपी करून मैत्रिणीला पाठवला, तर तिकडे 'एक्सएन--' आणि पुढे अक्षरांची खिचडी पोचली. लगेच फोन, "दादा, ही फसवणुकीची लिंक नाही ना?"

पायमोडका:
त्या खिचडीला पनीकोड म्हणतात. डोमेनची यंत्रणा मुळात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यावरच चालते. म्हणून मराठी नाव त्याच अक्षरांत बदलून लिहायची ही पळवाट 2003 मध्ये ठरली. .भारत देवनागरीत 2014 पासून आहे, त्यात अडचण नाही. अडचण तुमच्या 'ऱ्या'ची आहे! कुणी तो ऱ वापरून लिहितं, कुणाचा कीबोर्ड साधा र, हलंत आणि न दिसणारं एक जोडचिन्ह घालतो. दिसायला दोन्ही सारखेच. 2003 च्या नियमात ते जोडचिन्ह गळून जायचं, म्हणजे उरतं 'किनार्यावर'. 2010 च्या नियमांनी हलंतानंतर ते चालवून घेतलं, तरी त्याने बनलेलं नाव ऱ वाल्या नावाहून वेगळंच. पाहुणा बरोबर टाइप करूनही भलतीकडे!
'ॲग्रो' वगैरे नाववाल्यांनीही जपा. ॲ हे एक अक्षर म्हणून लिहिता येतं आणि अ वर चंद्र ठेवूनही. डोळ्याला एक, संगणकाला दोन.

माडाखालचा मी:
आणि ईमेल? त्याच नावाचा चालेल का?

दापोलीचा आंबेवाला:
ईमेल इंग्रजीतच ठेवा. मराठी पत्ता बुकिंगचे बरेच फॉर्म 'चुकीचा' म्हणून परत करतात. साधं इंग्रजी डोमेन मुख्य ठेवा, मराठी त्याच्याकडे वळवा, पाटीवर दोन्ही आणि खाली क्यूआर.

माडाखालचा मी:
बाबांना त्यांच्या फोनवर नाव टाइप करायला लावलं. 'किनार्यावर' आलं. चष्मा लावूनही त्यांना फरक दिसेना. आई म्हणते, 'माडाखाली' ठेवा नाव. बाबा अजून बोलत नाहीयेत.