बेळगावात राहून जुना सर्फबोर्ड घ्यावा का? मी घेणार म्हणतो

अनगोळकर

सर्फिंग म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, बेळगावात समुद्र कुठाय? पहाटे साडेचारला निघून चोर्ला घाटातून उतरलं की आठच्या आत मी गोव्यातल्या आश्वेच्या वाळूत असतो. या हंगामात पाच रविवार गेलो. फुटून आलेल्या पांढऱ्या फेसाच्या लाटेवर आता दहातल्या सहा वेळा उभा राहतो. वय ३४, वजन ७२ किलो.

दर वेळी बोर्ड आणि शिकवणी मिळून दोन हजारांच्या वर जातात. आता तिथंच एक परदेशी माणूस हंगाम संपवून घरी निघालाय, तो ६ फूट २ इंचांचा फायबरचा बोर्ड ११ हजारांना द्यायला तयार आहे. नवा बोर्ड मला परवडत नाही. "आधी वर्षभर भाड्यानं शिक, मग बघू," असा सल्ला सगळे देतात, तो मला पटत नाही. भाड्यानं दर वेळी वेगळा बोर्ड हातात येतो, त्याची सवय होईपर्यंत दोन तास संपलेले असतात. सायकल शिकताना घरात स्वतःची सायकल असली की पोरगं चार दिवसांत शिकतं. माझं मत सांगितलं. तुमचं सांगा, आणि हा बोर्ड घेऊ का तेही सांगा.

कारवारची लेक

माझं माहेर कारवार, सासर शहापूर. समुद्र माझ्या अंगणात होता म्हणून स्पष्ट बोलते. घेऊ नका.

सायकलवरून पडलं तर गुडघा फुटतो. समुद्रात तसं नसतं. भाड्यानं बोर्ड घेता तेव्हा नुसती फळी मिळत नाही, किनाऱ्यावर उभं राहून तुमच्याकडे बघणारं कुणीतरी मिळतं. आज ओढ कुठल्या बाजूला आहे, भरती कधी लागणार, इथून पुढं जाऊ नका, हे सांगणारा माणूस असतो. स्वतःचा बोर्ड घरात आला की पहिली काटछाट या माणसाची होते. पैसे वाचवायलाच घेतलाय ना!

दुसरं, हंगाम. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या पाण्यात जात नाहीत, आणि त्यानंतरही सप्टेंबरभर समुद्र शांत नसतो. जूनपासून पुढचे चार महिने शिकणाऱ्यानं पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. तेवढा काळ बोर्ड अनगोळच्या घरात कुठं ठेवणार?

खानापूर रोड

अक्कांशी सहमत, मी फक्त हिशेब मांडतो. बोर्ड ११ हजार. नवी लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), गाडीच्या टपावरचे पट्टे, पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावायचं मेण, दुरुस्ती धरली तर १५ च्या पुढं गेलाच. मी गेलो होतो तिथं शिकवणीशिवाय नुसता बोर्ड तासाला पाचशेला मिळाला. म्हणजे तीस तास. ऑक्टोबर ते मे या काळात लग्नं, जत्रा, पाहुणे वगळून किती रविवार मोकळे मिळतात ते प्रत्येकानं आपल्या घरात विचारावं. मला दहा मिळतात. दहा रविवारी दोन-दोन तास धरले तरी वीसच तास होतात.

निपाणीकर

मी घेण्याच्या बाजूचा आहे. पण हा बोर्ड घेऊ नका, आणि कारण नीट ऐका, कारण माझे पैसे यातच गेलेत.

६ फूट २ इंच हा शिकलेल्याचा बोर्ड. त्यावर मधल्या लाकडी पट्टीजवळ लांबी, रुंदी, जाडी आणि बहुतेक वेळा लिटरही लिहिलेले असतात, ते वाचा. या मापाचा बोर्ड साधारण ३० लिटरच्या आसपास निघतो. लिटर म्हणजे तो किती पाणी बाजूला सारतो, किती तरंगवतो. ७२ किलोच्या नवख्या माणसाला ७० लिटर तरी पाहिजेत. ३० लिटरवर पोटावर झोपलात की बोर्ड तुमच्याखाली अर्धा बुडणार, हात मारून मारून खांदे जाणार, आणि लाट खालून निघून जाणार. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधायचे, आठवतंय? शिकणाऱ्याचा बोर्ड म्हणजे तो डबा. आठ फुटी, जाड, वरून मऊ फोमचा. डोक्यावर आपटला तरी खोक पडत नाही.

मी २०२२ मध्ये नेमकी हीच चूक केली. ६ फूट ४ इंचांचा, पांढराशुभ्र, स्वस्त. विकणारा गोड बोलला. पहिल्या दोन रविवारी वाटलं मलाच जमत नाही. तिसऱ्या वेळी घरी आणून गॅलरीत उभा केला तर सकाळी फरशीवर खारं पाणी. शेपटीकडे फिन, म्हणजे बोर्डाखालचं माशाच्या परासारखं पातं, बसवायचा जो खोबणीचा डबा असतो, त्याच्या कडेला केसाएवढी भेग होती आणि वर मेण थापलेलं. आतला फोम पाणी पिऊन बसला होता.

तेव्हापासून जुना बोर्ड बघायला कुणी नेलं तर मी आधी जुनं एटीएम कार्ड काढतो. बोर्ड पाच मिनिटं उन्हात ठेवायचा, मेण मऊ होतं, ते कार्डानं खरवडून काढायचं. मेणाखालची काच, म्हणजे बोर्डावरचं फायबरचं कवच, दिसल्याशिवाय पैशाचं बोलायचं नाही. मग अंगठा. पाय ठेवतो त्या भागावर, टोकापासून शेपटीपर्यंत, वीतभर अंतरानं दाबत जायचं. कुठं आत गेलं, कर्र वाजलं, तर तिथली काच फोमपासून सुटली आहे. आणि खानापूरचा माठ घेताना टिचकी मारतो तशी बोटाच्या पेरानं ठोकून बघायची. चांगल्या जागेचा आवाज टणक येतो, सुटलेल्या जागेचा बद्द.

उन्हानं पिवळा पडलेला बोर्ड बघून घाबरू नका, वयानं पडतोच. भेगेभोवती चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग असला तर मात्र पाणी आत गेलंय. आणि बोर्ड पालथा घालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ आहे का बघा. असली तर तो एकदा मोडता मोडता राहिलाय, कितीही स्वस्त दिला तरी सोडून या.

लीश जुनी कधीच घेऊ नका. प्लॅस्टिक कडक होतं आणि नेमक्या मोठ्या लाटेत तुटतं. नवी घ्या, बोर्डाच्या लांबीएवढी.

अनगोळकर

निपाणीकर दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. तरी दोन गोष्टी बोलतो. लहान बोर्ड माझ्या गाडीत आत मावतो, आठ फुटी टपावर बांधावा लागेल आणि चोर्ल्याची वळणं तुम्हाला माहीत आहेत. आणि मी आयुष्यभर फेसात खेळणार नाही, पुढच्या वर्षी लहान बोर्ड लागणारच.

खानापूर रोड, तुमच्या हिशेबात एक गोष्ट राहिली. भाड्याचे पैसे परत येत नाहीत. जुना बोर्ड नीट वापरला तर दोन वर्षांनी जवळपास त्याच किमतीला जातो, कारण शिकणारे नवीन येतच राहतात. टोकियोपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आलाय, आपल्याच राज्यात मुल्कीला २००४ पासून सर्फ क्लब चालू आहे. मुल्की आपल्याला लांब पडते, पण गोव्यातही दर हंगामाला नवी माणसं दिसतात.

खानापूर रोड

जाईल, पण कुठं विकणार? बेळगावात गिऱ्हाईक आहे का? परत गोव्यालाच न्यावा लागणार.

उद्यमबाग

मी पॅटर्न शॉपमध्ये काम करतो, रेझिन आणि फायबर रोज हातात असतं. समुद्रातलं मला फार कळत नाही, पण दुरुस्तीबद्दल एक सांगणं गरजेचं वाटलं.

बोर्डाच्या आतला फोम दोन प्रकारचा असतो. एक पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, बिस्किटासारखा बारीक कणाचा. दुसरा ईपीएस, म्हणजे आपल्या भाषेत थर्मोकोल, दाणे दिसतात. पीयूवर पॉलिस्टर रेझिन चालतं. थर्मोकोलवर तेच रेझिन ओतलंत तर त्यातलं स्टायरिन नावाचं रसायन फोम खाऊन टाकतं, भेग बुजवायला गेलात आणि आत मुठीएवढा खड्डा. एका मुलानं माझ्याकडे असाच बोर्ड आणला होता, कुणीतरी गाडीच्या बंपरचं रेझिन भरलं होतं. थर्मोकोलला इपॉक्सी हे दुसऱ्या प्रकारचं रेझिनच लागतं. आत कुठला फोम आहे कळत नसेल तर इपॉक्सी वापरा, ते दोन्हीवर चालतं.

आणि ओला बोर्ड बुजवायचा नाही. भेग खाली करून सावलीत उभा ठेवा, ठिबकणं थांबल्यावरही काही दिवस जाऊ द्या. आपल्याकडे हे काम मार्च ते मे मध्येच करावं, पावसाळ्यात भिंती ओल्या असतात तिथं बोर्ड काय वाळणार. पत्र्याच्या शेडखाली मात्र उन्हाळ्यात ठेवू नका, आतली हवा तापून काच फुगते.

निपाणीकर

हे पत्र्याचं फार महत्त्वाचं. बंद गाडीतही तेच होतं. दुपारी जेवायला थांबलात तर सावली बघून गाडी लावा.

अनगोळकर, आठ फुटी बोर्ड टपावर आरामात येतो. खाली फोमचे तुकडे, बोर्ड पालथा, फिन वर आणि पुढच्या बाजूला, आणि पट्ट्याचेच बंध. सुतळीनं किंवा ट्रकच्या दोरीनं आवळलात तर कडा दबतात. मी आंबोलीतून नेतो, कधी हललेला नाही. आणि पुढच्या वर्षीचा बोर्ड पुढच्या वर्षी घ्या.

कारवारची लेक

तुम्ही सगळे बोर्डाचं बोलताय. मी परत माणसाचं बोलते.

आठ फुटी बोर्ड, त्याला आठ फुटी लीश. पडलात की बोर्ड तुमच्यापासून आठ फूट जातो आणि त्याच्या पुढं स्वतःची लांबी. म्हणजे तुमच्याभोवती सोळा फुटांत दुसरं कुणी असता कामा नये, पोरंबाळं तर नाहीच. पडताना सपाट पडायचं, डोकं खाली घालून उडी नाही, वर येताना हात डोक्यावर. बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे धरायचा नाही, लाट तो छातीवर आणून आदळते. समुद्र आत ओढायला लागला तर किनाऱ्याकडे सरळ पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर जायचं, ओढ सुटते, आणि बोर्ड सोडायचा नाही, तोच तरंगवतो. लाल झेंडा असेल तिथं उतरायचं नाही.

हे पाच रविवारांत अंगात मुरत नाही. माझा चुलतभाऊ पट्टीचा पोहणारा, कारवारात वाढलेला, तरी एकदा होडीवाल्यांनी त्याला बाहेर काढलं. घ्यायचाच असेल बोर्ड तर घ्या, पण एकटे जाऊ नका आणि जीवरक्षक असतात त्याच किनाऱ्यावर जा. माझं मत अजून भाड्याचंच.

अनगोळकर

काल रविवारी जाऊन आलो, म्हणून लिहितो.

एटीएम कार्ड घेऊन गेलो होतो. विकणारा माणूस चांगला, मेण खरवडायला त्यानंच मदत केली. बोर्ड दोन्ही हातांवर आडवा धरला तेव्हाच शेपटी जड लागली. फिनच्या डब्याशेजारी तपकिरी डाग, नखाएवढा. अंगठा दाबला, डब्याच्या कडेतून एक थेंब आला. त्याला दाखवला, त्यालाही माहीत नव्हतं असं वाटलं. आभार मानून सोडला. निपाणीकर दादा, तुमचे गेलेले पैसे माझ्या कामी आले.

तिथून मांद्रेच्या बाजूला आलो. एक शिकवणारा हंगाम संपला म्हणून जुने बोर्ड काढतोय. ८ फुटी मऊ बोर्ड, वरचा निळा रंग पाय ठेवतात तिथं विटलेला. दोन्ही टोकं धरून वाकवून बघितला, आतली पट्टी शाबूत वाटली. खालचा प्लॅस्टिकचा पत्रा शेपटीला तळहाताएवढा सुटलाय. साडेनऊ हजार म्हणाला, दोन हजार देऊन आलो.

अक्का, तुमचं म्हणणं डोक्यात होतं म्हणून त्याच माणसाशी बोललो. पुढचे तीन रविवार बोर्ड माझा, पण शिकवणी त्याची, आणि तो पाण्यात असेल तेव्हाच मी पाण्यात. भाड्यानंच शिकावं हे मला अजूनही मान्य नाही.

उद्यमबाग, तो सुटलेला पत्रा कशानं चिकटवू?

उद्यमबाग

चपलांना लावतात तो पिवळा गम अजिबात नको, त्यातलं सॉल्व्हंट थर्मोकोल खातं. हळू वाळणारं इपॉक्सी घ्या, आधी कोपऱ्यात थेंबभर लावून रात्रभर बघा. पत्रा पूर्ण उचलू नका, सुटलाय तेवढाच. गोड्या पाण्यानं मीठ धुऊन दोन दिवस वाळवा, मग लावा आणि वरून सपाट फळी ठेवून वजन द्या. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा आहे, शॉपवर घेऊन या.

निपाणीकर

वाकवताना आवाज आला का? टक् असा?

अनगोळकर

नाही आला. शनिवारी आणताना परत वाकवून बघतो.